गयाबाईचं मांजर

“गयाबाईला खोली? वकीलसाब, जिच्या घरी मांजर रोज दूध पिऊन राह्यलं, तिला सरकारची खोली?”

बैठकीत हशा झाला. मी आतल्या दाराच्या पडद्याआड चहाचं तबक धरून उभी होते. बोलले ते शेजारचे शंकरराव. हसले ते शंकरराव, महसूल खात्याचे गिरदावरसाहेब आणि आमचे नाना. नानांचं हसू लहान होतं, पण होतं.

मी तबक घेऊन पुढं जायला हवं होतं. गेले नाही. चहा गार होत होता आणि मला ते मांजर आठवत होतं.

जालन्यात, मस्तगडातल्या आमच्या बोळात, गयाबाईचं मांजर माहीत नाही असा माणूस नव्हता. ते कुणी नीट पाहिलं नव्हतं, पण ऐकलं सगळ्यांनी होतं. दुपारी बोळ जेवून सुस्तावला की गयाबाईच्या घरातून आवाज उठायचा, “हाड! हाड मेल्या! समदं दूध पिलास की रं! आता आत्याबाईला काय देऊ, तुझं डोस्कं?” मग लाकडाचा तुकडा भिंतीवर आपटायचा. मग एखादं भांडं पालथं पडायचं. शंकररावांच्या घरच्या शांताकाकू हातातलं पान तसंच ठेवून म्हणायच्या, “ऐका! लढाईच्या दिवसांत आमच्या नातवाला दुधाची मारामार, अन् हिचं मांजर पोटभर पिऊन राह्यलं.”

मांजराच्या रंगाबद्दल बोळात दोन पक्ष होते. शंकरराव म्हणत, काळं आहे. शांताकाकू शपथेवर सांगत, तांबूस आहे आणि शेपटीला पांढरा गोंडा आहे. आपल्या कुडावरून ते जाताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. नवराबायकोचा यावरून एकदा अबोलासुद्धा झाला होता.

मी तेव्हा हैदराबादेहून नुकतीच परत आले होते. तिथल्या इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात आठ वर्षं राहिले. आई गेली, तेव्हा नानांनी मला बोलावून घेतलं आणि कोठीच्या किल्ल्या हातात दिल्या. बोर्डिंगात मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या. एक, ताटलीच्या कुठल्या बाजूला कुठला चमचा ठेवायचा. दुसरी, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पहिलीचा जालन्यात काही उपयोग नव्हता. दुसरीचा फार झाला. बोळ म्हणायचा, वकिलाची पोरगी गर्विष्ठ आहे. खरं म्हणजे मला वाक्य जुळवायला वेळ लागायचा, आणि ते जुळेपर्यंत समोरचं माणूस उठून गेलेलं असायचं.

गयाबाईला मात्र समोरच्यानं बोलायची गरजच नसे.

ती धनगराची. मूळची भोकरदनकडची, पिंपळगाव रेणुकाईची. एके काळी घरात मेंढरं होती, दोन म्हशी होत्या. रोग आला, मेंढरं गेली, म्हशी गेल्या, आणि नवराबायको म्हाताऱ्या आंधळ्या सासूला, आत्याबाईला, बैलगाडीत बसवून जालन्याला आली. नवरा कापसाच्या जिनात लागला. तीन वर्षांनी तो पटकीत गेला. मग त्याच जिनात गयाबाई जायला लागली. आमच्या बोळाच्या नदीकडच्या टोकाला, उतारावर, तिचं मातीचं घर होतं. आमच्या माडीच्या खिडकीतून ते सबंध दिसे.

उंच, हाडकी बाई. आवाज खणखणीत. अंगावर कायम एकच हिरवं लुगडं. बाकीची कुठं आहेत असं कुणी विचारलं नाही तरी ती सांगे, “पेटीत हायेत. नेसलं की इटतेत.” त्या पेटीला हवा लागलेली कुणी पाहिली नव्हती.

तिचं एक वाक्य होतं, “आपल्याला काय कमी हाय?” कुठलंही बोलणं तिथून सुरू व्हायचं किंवा तिथं येऊन थांबायचं. शांताकाकूंनी कधी सणाची पोळी पुढं केली तर ती दोन्ही हात मागं घ्यायची. “नको बाई. आत्ताच जेवले. पानी जायला जागा न्हाई. आपल्याला काय कमी हाय?” आणि पुराव्यादाखल ढेकर द्यायची. ती ढेकर ऐकण्यासारखी होती. पाटलाच्या पंगतीत तीन वेळा वाढून घेतलेल्या माणसाची ढेकर. गयाबाईला ती कधीही, कुठंही, बोलता बोलता देता यायची. दुपारी दारात बसून ती कडुनिंबाच्या काडीनं दात कोरायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. आणि चूल दोन वेळ पेटलीच पाहिजे. “बिनधुराचं घर म्हंजी मसणवटा,” असं ती म्हणे. कधी कधी त्या धुराला नुसत्या पाल्याचा वास यायचा, भाकरीचा नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं. पण त्याचं काय करायचं ते लक्षात आलं नव्हतं.

बाजारात पेठेतले व्यापारी गरिबांना ज्वारी वाटायचे. त्या रांगेजवळून जाताना गयाबाई नाकाला पदर लावायची. “फुकट खातेत. फुकटच्या घासानं हाडं वितळतेत,” असं मोठ्यानं म्हणायची. शंकररावांना ती त्यासाठी फार आवडे. “ही बघा मानी बाई,” ते म्हणत. “नाहीतर बाकीचे.”

बाकीच्यांबद्दल बोळाला खूप माहिती होती.

मागच्या भाद्रपदात कुंडलिका नदी बोळात शिरली होती. उतारावरची मातीची घरं बसली. गयाबाईची पुढची भिंत पडली, तिथं तिनं गोणपाटाचा पडदा लावला. मागची भिंत राहिली, पण पोटाशी फुगून आत झुकली. तिच्याच खाली आत्याबाईची बाज होती, कारण घरात तेवढीच जागा कोरडी होती. सरकारनं पुढं स्टेशनच्या रस्त्याला, उंचवट्यावर, बारा खोल्या बांधायला काढल्या. दगडी भिंती, वर पत्रा. घर गेलेल्या आणि काही नसलेल्या माणसांना त्या बिनभाड्यानं द्यायच्या होत्या.

तेव्हापासून बोळाला दुसरा विषय उरला नाही. शांताकाकूंना पक्कं ठाऊक होतं की खोलीच्या आशेनं लोकांनी आपापल्या भिंती रातोरात स्वतः पाडल्या; नदी फक्त निमित्त. शंकरराव जिनात मुकादम होते. ते म्हणत, डोक्यावर फुकट पत्रा आला की माणूस हातपाय हलवत नाही. पुढच्या हंगामाला जिनात कुत्रंसुद्धा येणार नाही. शिवाय अशा लोकांच्या चुलीखाली सोन्याचे मणी पुरलेले असतात, हे सगळ्यांना माहीत होतं. चूल मात्र कुणी खणून पाहिली नव्हती.

नाना असलं काही बोलत नसत. ते न्यायी माणूस. गिरदावरसाहेबांनी खोल्यांच्या यादीसाठी मोहल्ल्यातले दोन मोतबर म्हणून नानांना आणि शंकररावांना बरोबर घेतलं, ते त्यासाठीच. पण नानांचाही एक नियम होता. “खरा गरीब मागायला येत नाही. आणि मागायला येतो, तो खरा गरीब नसतो.” हे ते इतकं शांतपणे म्हणत की पटायचं. माडीवर गेल्यावर मी हिशेब करून पाहिला. या नियमानं गेलं तर बाराच्या बारा खोल्या कायम रिकाम्या राहतील. हे वाक्य मी जुळवलं होतं. नाना तोवर कोर्टात गेले होते.

दुसऱ्यांना हसण्याचा मला तसा हक्क नाही. शाळेत आमच्याकडं नाताळात गरिबांसाठी कपडे गोळा करायचे. पुस्तकात गरिबांची चित्रं असत. अनवाणी, पण अंगानं स्वच्छ, मान खाली, डोळ्यांत उपकार. गयाबाई त्या कुठल्याच चित्रात बसत नव्हती. ती ढेकर द्यायची. म्हणून मीही त्या मांजरावर विश्वास ठेवला होता.

चैत्रातली दुपार. जिन बंद होऊन महिना झाला होता. हंगाम संपला की बायांना काम नसतं. आमच्याकडं ताक उरलं होतं. बोळात कुणी नाही असं पाहून मी लोटा घेऊन निघाले. माणसं असली की मला लोटा कुठल्या हातात धरावा ते सुचत नसे.

गोणपाटाच्या पडद्याशी आले तेव्हा आत बोलणं चालू होतं. बोलणाऱ्यांच्या मध्ये जाऊ नये, म्हणून थांबले. पडद्याला फट होती.

आत्याबाई बाजेवर बसली होती. पुढं ताटली, ताटलीत एक भाकरी आणि ठेचा. समोर गयाबाई उकिडवी. तिच्याही पुढं ताटली होती, पण रिकामी.

“गया, तू जेवून राह्यलीस न्हवं?” म्हातारीनं विचारलं.

“जेवून राह्यले की, आत्याबाई. दुसरी भाकर चालू हाय माझी.” गयाबाईनं रिकाम्या ताटलीवर नखं खरवडली. तोंडानं चावल्याचा आवाज केला. मग टोपलीत हात घालून टोपली खडखडवली. “अजून चार हायेत. तुमी घ्या पोटभर.”

“मंग थोडं दूध घाल, बाई. कोरडी उतरून न्हाई राह्यली.”

  गयाबाई उठली, चुलीपासचं लाकूड उचललं, भिंतीवर हाणलं. “हाड! हाड मेल्या! समदं दूध पिलास की रं!” पायानं एक गडवा लवंडला. तो रिकामाच होता.

म्हातारी हसली. तोंडात दात नव्हते, तरी हसू मोठं होतं. “पिऊ दे गं. मुकं जनावर हाय. आपल्याला काय कमी हाय?”

ते वाक्य कुणाचं होतं, ते मला तेव्हा कळलं.

माझ्या हातातला लोटा दाराच्या खांबाला लागला. गयाबाई बाहेर आली. सवयीनं तिनं ढेकर द्यायला तोंड उघडलं, माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि ढेकर अर्ध्यावर राहिली. तिनं माझ्या हातातून लोटा घेतला, वळली आणि आत ओरडली, “आत्याबाई! मांजरानं थोडं ठिवलंय बगा! आंबट झालंय, पर हाय!”

भाकरीवर ताक ओतून ती परत आली आणि मला लिंबाच्या झाडापाशी घेऊन गेली. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

“ताई, तिला कळलं ना, की घरात एकच भाकर हाय, तर ती घास उचलायची न्हाई. तिचा लेक, माझा मालक, आजारी पडला तवा असंच केलं. लेकाला ठिवते म्हणून चार दिस उपाशी बसली. मरता मरता वाचली. ती अजून पिंपळगावातच हाय, ताई. तिच्या गोठ्यात म्हशी हायेत. अन् बोळाला कळलं, तर बोळ तिच्या कानात ओतल. तुमाला माझ्या गळ्याची आण हाय.”

मी मान हलवली. मान हलवायला वाक्य जुळवावं लागत नाही.

त्यानंतर मी दुपारी लोटा पडद्याशी ठेवायची आणि निघून यायची. ताकाऐवजी दूध नेलं तरी चाले. त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. भाकरी पाठवली की ती परत यायची, वर निरोप, “आपल्याला काय कमी हाय?” गयाबाई माणसाकडून काही घेत नसे. मांजराचं उष्टं तेवढं घेई. शांताकाकूंच्या कानांनी हाही बदल टिपला. “मांजर आजकाल थोडं शिल्लक ठेवून राह्यलं,” त्या म्हणाल्या. “माजलंय मेलं. दूधसुद्धा नकोसं झालंय त्याला.”

वैशाखात एका सकाळी गयाबाई आमच्या परसात आली. धापा टाकत होती, पण तोंड उजळलेलं.

“ताई, खोल्या बघून आले! दारं बसून राह्यलेत. पाच लंबरची खोली आपल्यासाठी बराबर हाय. आडवी सात पावलं, उभी नऊ. आत्याबाईची बाज दाराशी. उजेड न्हाई दिसत तिला, पर ऊन कळतंय.” मग पाठ फिरवून आमच्या कोठीच्या भिंतीला टेकली. “अशी पाठ लावून पाह्यली भिंतीला. सारा जोर लावला. हालत न्हाई, ताई. बिलकुल हालत न्हाई.”

तिची भिंत पडलेली, म्हणून तिचं नाव पहिल्या यादीत आपोआप आलं होतं. आता फक्त गिरदावरसाहेब घरोघर फिरून पाहणी करायचे होते.

दहाबारा दिवसांनी ती परत आली. या वेळी तिला कोठीतला मोठा हंडा हवा होता. दोन घागरी, सहा ताटं, समई, जमलं तर पाण्याचा पिंप. “पाव्हणे यायचेत. बराबर उद्या संध्याकाळी आणून देते.”

यात नवल काही नव्हतं. आमच्याकडं मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की शेजारची भांडी मागून आणून मांडणी भरायची, ही जुनी रीत. पाहुण्यांनाही ते माहीत असतं. त्यांच्या घरीही तेच केलेलं असतं. आईचा हंडा असा बोळातल्या कितीतरी लग्नांना जाऊन आला होता. म्हणून तर भांड्यांवर नावं घालून घेतात. हंड्याच्या पोटावर आईचं नाव होतं, तारीख होती. मी सगळं काढून दिलं. कुणाकडं कुठली मुलगी, हे विचारायचं होतं. जुळेपर्यंत ती हंडा डोक्यावर घेऊन बोळाच्या वळणाला गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत उभी होते. गयाबाईच्या घरापुढं सडा होता, रांगोळी होती. पडदा वर बांधला होता. आत, मागच्या फुगलेल्या भिंतीला लावून, फळ्यांवर आमची भांडी रचली होती. हंडा मध्ये, घागरी दोन्ही अंगांना, ताटं उभी. सगळ्यांवरची नावं भिंतीकडं फिरवलेली. चिंचेनं घासून त्यांना अशी लकाकी आणली होती की आमच्या घरात ती कधी तशी दिसली नव्हती. आणि भिंतीला जिथं हातभर भेग होती, ती जागा नेमकी पिंपाच्या मागं गेली होती.

मग बोळातून पाहुणे आले. गिरदावरसाहेब, शंकरराव आणि आमचे नाना.

गिरदावरसाहेब सभ्य माणूस. जोडे बाहेर काढून आत गेले. “बाई, कुछ तकलीफ?” त्यांनी विचारलं. सकाळच्या शांत बोळात खिडकीपर्यंत शब्द न् शब्द ऐकू येत होता.

गयाबाईनं पदर सारखा केला. “बिलकुल न्हाई, साहेब. आपल्याला काय कमी हाय?”

ते कमी पडलं की काय, म्हणून आत्याबाई बाजेवरून बोलली, “दूध तेवढं मांजर पिऊन जातंय, साहेब. वैरी हाय नुसता.”

साहेब हसले. नाना हंड्याशेजारी उभे होते. वीस वर्षं त्यांनी त्या हंड्यातलं पाणी अंघोळीला घेतलं होतं. त्यांनी हंड्याकडं पाहिलं, मान डोलावली. ओळखलं नाही. पुरुषांना भांडी ओळखू येत नाहीत. गिरदावरसाहेबांनी कागद गुडघ्यावर ठेवला, बोरू बुडवला आणि एक लांब रेघ ओढली.

संध्याकाळी भांडी परत आली. या वेळी मी गयाबाईला जाऊ दिलं नाही. सबंध दुपार खर्चून वाक्य जुळवून ठेवलं होतं. “गयाबाई, असं का केलंत? खोली ज्यांच्याकडं काही नाही त्यांनाच मिळते.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग समजुतीनं हसली, लहान मुलाला हसतात तशी.

“ताई, तुमी शाळेत ऱ्हायलेल्या. सरकार काय भिकाऱ्याच्या हाती नवी खोली देतंय व्हय? चार दिसांत घाण करून टाकतेत ते. पोरगी द्यायची तर घर बघून देतेत ना? तसंच हे. चांगलं घर हाय, चार भांडी हायेत, खोली नीट ठिवतील, असं साहेबाला दिसाय पायजे. दिसलं त्याला. कागदावर माझ्या नावाम्होरं लांब रेघ मारली. म्या डोळ्यांनी पाह्यली.”

तेव्हाच सांगायला हवं होतं, की ती रेघ नावाम्होरं नव्हती, नावावरून होती. रात्री जेवताना नाना म्हणालेही, “ती गयाबाई बरी निघाली. उगाच नाव आलं होतं तिचं.” मी आमटी वाढत होते. गळ्याची आण होती. आणि खरं सांगायचं तर, नुसती आण नव्हती. मी गप्प राहते म्हणून कुणाचं काही अडतं, असं तोवर मला वाटलंच नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस गयाबाईचे सणाचे गेले. ती रोज काहीतरी विचारायला यायची. खोलीला कुलूप आपलं लावायचं का सरकारचं? भिंतीत खुंटी ठोकलेली चालते का? तुळस ठेवायला कुणाला विचारावं लागतं? शेजारी मुसलमान विणकरीण येणार आहे असं ऐकलंय, तिच्याकडं बकरी आहे, बरं झालं. फुकट खाणाऱ्यांबद्दल ती आता बोलायची नाही. बाजारातल्या रांगेजवळून जाताना पदर खांद्यावरच असायचा. एकदा रांगेतल्या एका बाईला तिनं विचारलं, “तुला कितवी मिळाली?” तिनं सांगितलं, सहावी. “मंग शेजारीच की,” गयाबाई म्हणाली.

आणि आज सकाळी ती आली, तेव्हा काही विचारायला आली नाही. परसातल्या दगडावर बसली. पायांकडं बघत होती.

“ताई, मृग तोंडावर आला. वकीलसाबाला तेवढं इचारा ना, किल्ली जल्दी देतील का. भिंतीतून माती पडून राह्यली. काल दुपारच्याला आत्याबाईच्या पांघरुणावर ढेकूळ पडलं, असं.” तिनं दोन्ही तळव्यांनी आकार दाखवला. “ती मला म्हणती, गया, मांजर भिंतीवर चढलंय का गं?”

“मग?” मी विचारलं.

“म्या म्हणलं, व्हय.”

ती उठली. जाताना ढेकर दिली नाही.

तर, मी पडद्याआड तबक घेऊन उभी होते. संध्याकाळची उन्हं बैठकीच्या गालिच्यावर आली होती. बाहेर यादी पुरी होत होती.

“ग्यारा हो गये,” गिरदावरसाहेब म्हणाले. “पाच नंबर बाकी है. वकीलसाब, हे गयाबाईचं नाव एकदा मी काटलं, पण मन मानत नाही. घराला पुढं भिंत नाही. पाऊस आला तर?”

त्यावर शंकरराव मांजराचं बोलले होते. आता त्यांनी पुढं सांगितलं, “पाचवी जिनाच्या चौकीदाराला द्या. कामाचा माणूस आहे. गयाबाईला काय? मानी बाई आहे, तिला दिली तर तिलाच राग येईल. आपल्याला काय कमी हाय, हे काय आपण म्हणतो? ती स्वतः म्हणते.”

“भांडी तर होती,” साहेब म्हणाले. बोरू दौतीच्या तोंडाशी थांबला होता.

“होती ना,” नाना म्हणाले. “मी स्वतः पाहिली. अहो, इतकी भांडी माझ्या घरात नाहीत.”

गळ्याची आण मला आठवली. शांताकाकूंचं घर आमच्या बैठकीपासून वीस पावलांवर आहे हे आठवलं. मी बोलले तर दिवे लागायच्या आत बोळाला कळेल, आणि बोळाला कळलं की ते गोणपाटाच्या पडद्यापलीकडं जाईल. मग ती म्हातारी घास उचलेल की नाही, हे मला माहीत नव्हतं. गयाबाई माझ्या दारात पुन्हा येईल की नाही, हेही माहीत नव्हतं. ती भिंत तेवढी माहीत होती. माझ्या खिडकीतून ती सरळ दिसायची.

बोरू दौतीत बुडाला.

आमच्या घरातली बाई पुरुषांच्या बैठकीत कधी गेली नव्हती. मी पडदा सारला. तबक खाली ठेवताना पेले वाजले आणि तिघांनीही वर पाहिलं. नाना काही म्हणणार होते. या वेळी मात्र माझं वाक्य आधीच जुळलेलं होतं.

“नाना,” मी म्हणाले, “ती भांडी आपल्याच घरातली आहेत. हंड्यावर आईचं नाव आहे. आणि गयाबाईच्या घरात मांजर नाही.”